पाच दिवसांची सावड

रूथ, तुझ्या पाळकसाहेबांनी मला दोन कोरे कागद आणून दिलेत. रविवारी चर्चमध्ये तुझ्या स्मरणाची उपासना आहे म्हणे. "तुमची इतक्या वर्षांची मैत्रीण, तुम्हीही चार शब्द लिहा," म्हणाले. मी म्हटलं, मी तुमच्या मंडळीतली नाही आणि माझे चार शब्द तुम्हाला झेपायचे नाहीत. ते हसले. त्यांना वाटलं, बाई लाजतेय. मग मी वहीच घेतली. दोन कागदांत माझं भागणार नव्हतं.

बाकीचे काय लिहिणार ते मला ठाऊक आहे. प्रेमळ, सोशिक, सदा हसतमुख. सोशिक होतीस, ते मी नाकारत नाही, त्यावर पुढं बोलायचंच आहे. पण हसतमुख? रोप वाकडं लावणाऱ्या बाईकडं तू कशी बघायचीस, ते या लोकांनी पाहिलेलं नाही. भांडणात तुझा आवाज चढायचा नाही, म्हणून सगळ्यांना तू शांत वाटायचीस. तुझं भांडण म्हणजे गप्प बसून आपलंच खरं करणं, आणि त्यात तुझा हात धरणारं पिंपळवंडीत कुणी नव्हतं.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. आमच्यात आज बारावं असतं, माणसाचं देणंघेणं मिटवून त्याला वाटेला लावायचा दिवस. तुमच्यात तसलं काही नाही. बरंच झालं, कारण माझं-तुझं काहीच मिटलेलं नाही. मला तुझा राग आलाय, आणि मेलेल्या माणसावर राग काढायचा कुठं, हे कुणी शिकवत नाही.

पाळकसाहेब शहरातले आहेत, त्यांच्यासाठी आधी सांगते. आमच्याकडं कांद्याची लागण, म्हणजे रोपं लावायचं काम, बायका सावडीनं करतात. आज सगळ्याजणी हिच्या वावरात, उद्या तिच्या. मजुरी नाही, फक्त दिवसाला दिवस. तू माझ्याकडं एक दिवस आलीस की मी तुझ्याकडं एक दिवस येणार, मग ताप असो की घरी पावणं असो. बाकी कशात उधारउसनवारी विसरेल माणूस, पण सावड विसरायची नाही. जिची सावड फिटली नाही तिला पुढच्या साली कुणी हाक मारत नाही. आणि रूथ, तुझी पाच दिवसांची सावड माझ्या अंगावर आहे. ती तू मला फेडू दिली नाहीस, आणि तशीच निघून गेलीस. माझं सगळं भांडण एवढंच आहे.

आपल्या सावडीत सहाजणी होतो. तू सगळ्यांत शेवटी आलीस, शमुवेलभाऊंनी कालव्यापलीकडं दीड एकर घेतलं तेव्हा. पहिल्याच दिवशी तू माझ्या शेजारच्या वाफ्यात उतरलीस आणि मी निम्म्यात असताना टोक गाठलंस. चिखलात बोट दाबायचं, रोप ठेवायचं, पुढं सरकायचं. चार बोटांचं अंतर कुठं चुकायचं नाही. वर तुझं गाणं. तुमच्या चर्चमधली गाणी तू इतकी बेसूर म्हणायचीस की सावडीतली कुणीतरी म्हणाली होती, "रुते, तुझा देव लई सहनशील असनार." तू त्यावर जास्तच जोरात म्हणायला लागलीस.

बिबट्याचा सुळसुळाट झाल्यावर, वाकलेल्या बाईची त्यानं मान धरू नये म्हणून, सगळ्या बायकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधले, तेव्हा तूही बांधलास. मी तुला डिवचलं होतं, "का गं, तुझा देव राखतो ना? मग पट्टा कशाला?" तू मान वर न करता म्हणालीस, "देव राखतो गं. पर बिबट्याला कुठं म्हाईत हाय?" हसून हसून माझ्या हातची रोपांची जुडी चिखलात पडली. हे मी लिहितेय, कारण मला खोटं लिहायचं नाही. तुझ्याइतकं मला कुणी हसवलेलं नाही.

आता कपाचं सांगते.

आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात एक कप होता, पांढरा, निळ्या फुलाचा, कान तुटलेला. तो तुझा कप. तुझे आजोबा ख्रिस्ती झाले, तू बोर्डिंगात शिकलीस, बायबल घडाघडा वाचायचीस, पण आजोबांची आधीची जात गाव विसरलं नव्हतं. माझ्या सासूबाई तर मुळीच नाही. चहा झाला की तू कोनाड्यातला कप काढायचीस, मी वरून चहा ओतायचे. पिऊन झालं की तू हौदावर तो विसळायचीस आणि कोनाड्यात पालथा ठेवायचीस. आपण पोरींच्या लग्नाच्या गोष्टी करायचो, नवऱ्यांची उणीदुणी काढायचो, आणि मध्ये हा कप.

मी मनाशी म्हणायचे, सासूबाईंमुळं आहे. म्हातारीपुढं कोण बोलणार? मग म्हातारी गेली. तेरावं झालं, घर माझ्या हातात आलं, मी तिचे देव हलवले, तिची चूल मोडून गॅसचा ओटा बांधला. कप मात्र कोनाड्यातच राहिला. एक वर्ष नाही, दोन नाही, सहा वर्षं. म्हणजे सासूबाईंचा कप माझा कधी झाला ते मला कळलंही नाही, किंवा कळलं होतं आणि मी तिकडं बघत नव्हते. तू एकदाही बोलली नाहीस. तेव्हा भांडली असतीस तर? मी चिडले असते, चार दिवस अबोला धरला असता, आणि पाचव्या दिवशी तुला घरातल्या कपात चहा दिला असता. तू मला ती संधीसुद्धा दिली नाहीस.

मग आमचे हे विहिरीवर मोटर काढताना घसरले. मांडीचं हाड मोडलं, मंचरला ॲडमिट केलं. ऐन लागणीचे दिवस. रोप तयार होऊन वर निघालेलं, आणखी आठवडा राहिलं तर फेकूनच द्यावं लागणार. दीड एकर वाफे बांधून पडलेले. सावडीतल्या बायकांची स्वतःची लागण अडली होती, त्यांना मी दोष देत नाही. मी दवाखान्यात ह्यांच्या उशाशी बसून रोप पिवळं पडताना बघत होते, मनातल्या मनात.

तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले, तर वावरात तू. आणि तुझ्या मंडळीतल्या आठ-नऊ बायका. निम्मी लागण उरकलेली. पाटाला पाणी चालू, तुझं बेसूर गाणं चालू. मी बांधावर उभी राहिले, मला रडू आलं, आणि रडता रडता पहिला विचार काय आला सांगू? या नऊजणींची सावड मी कशी फेडणार.

संध्याकाळी मी चहा केला. बाकीच्या बायकांसाठी तू घरनं स्टीलचे पेले आणले होतेस, पिशवीत गुंडाळून. मला आधी कळलं नाही, का. मग तू गोठ्याकडं गेलीस आणि कोनाड्यातला कप काढलास. तेव्हा कळलं. त्या बायकांना माझ्या घरचा कोनाडा दिसू नये, त्यांच्यासमोर माझी लाज जाऊ नये, म्हणून तू पेले आणले होतेस. आणि स्वतःसाठी तो कान तुटलेला कप. दोन दिवस वाकून तुझी पाठ धरलेली, नखांत माझ्या वावराचा चिखल, आणि तू माझ्या गोठ्याच्या भिंतीला टेकून त्यात चहा प्यायलीस. विसळलास. पालथा ठेवलास. आणि म्हणालीस, "सुमे, तू जा दवाखान्यात. इथलं म्या बघती." अजून तीन दिवस लागण चालली.

हे प्रेम होतं, हे मला मान्य आहे. पण मी लिहून ठेवते की त्या दिवशी मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

हे घरी आल्यावर मी पहिलं काम केलं, तो कप उकिरड्यावर फेकला. पुढच्या वेळी तू आलीस तेव्हा घरातल्या कपबशीत चहा दिला, ओट्यावर बसवून. तू कपाकडं बघितलंस, मग माझ्याकडं बघितलंस. चहा प्यायलीस. आणि मग सवयीनं उठलीस, नळाखाली कप विसळलास आणि ओट्यावर पालथा ठेवलास. मी तिथंच उभी होते, दोन हातांवर. 'राहू दे गं' एवढंच म्हणायचं होतं. आल्यागेल्याला आपण दिवसातून दहादा म्हणतो. माझ्या तोंडून निघालं नाही. म्हटलं असतं, तर आधीची सगळी वर्षं का नाही म्हटलं, तेही सांगावं लागलं असतं. त्यानंतर तू शंभरदा आली असशील. शंभरदा कप विसळलास, आणि मी शंभरदा दुसरीकडं बघितलं.

म्हणून मला सावड फेडायची होती. निदान तेवढी तरी. मी गरज सरो वैद्य मरो म्हणणाऱ्यातली नाही. मी तुला विचारलं, "तुझी लागण कधी? पाच दिवस माझे." तू म्हणालीस, "ती सावड नव्हती गं."

"मग काय होती?"

"काय नाव न्हाई त्याला. घेतलीस ना? झालं."

"मी काय भिकारीण आहे का फुकट घ्यायला?"

"व्हय," तू म्हणालीस. "मी बी हाय. समदीच हायती."

मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या त्या नऊ बायकांकडं गेले, तर त्या म्हणाल्या, रूथबाईंनी काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय. पुढच्या साली तू मला न सांगता लागण उरकलीस. त्याच्या पुढच्या सालीही तेच. मी तुला साडी दिली, ती तू आनंदानं घेतलीस, नेसून मिरवलीस. तिळगूळ पाठवला, पोरांनी खाल्ला. मी काहीही दिलं की तू भेट म्हणून घ्यायचीस, पण त्या पाच दिवसांच्या बदली म्हणून काहीच घ्यायची नाहीस. घेण्यात तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. हात पुढं करायला तुला कमीपणा वाटायचा नाही.

मग आपलं ते भांडण सुरू झालं, जे कधी संपलंच नाही. उन्हाळ्यात कांदे साठवायच्या बराखीत बसून सडके कांदे निवडत मी तुला विचारलं होतं, तुझ्या देवाला काय द्यावं लागतं.

"काय बी न्हाई."

"नारळ?"

"न्हाई."

"उपास?"

"तुझी मर्जी."

"मग तो काय बघून प्रेम करतो?"

"काय न बघता."

"आंधळा हाय का?"

तेव्हा तू हातातला कांदा खाली ठेवलास. "न्हाई सुमे. समदं बघतो. समदं बघून बी करतो. त्येच तर अवघड हाय."

मला ते पटलं नाही. आमचं बरं, ओझरच्या गणपतीला नवस बोलायचा, काम झालं की फेडायचा, मान वर करून घरी यायचं. देवाच्या उपकाराखाली रात्रंदिवस वाकून कोण राहणार? तू म्हणालीस, वाकायला कुणी सांगितलंय, बस की जरा. मी म्हटलं, तुझं हे प्रेम म्हणजे माणसाची मान खाली घालायची युक्ती आहे. तू कांदे निवडत म्हणालीस, "पालथ्या घड्यावर पानी." आणि गाणं म्हणायला लागलीस.

एकदाच तू गंभीर झालीस. बोर्डिंगातलं सांगितलंस. लहानपणी तुला तिथं सोडून आई गेली ती फिरकली नाही. तू रोज पहाटे उठून चर्च झाडायचीस. कुणी सांगितलं नव्हतं. तुला वाटायचं, झाडलं तर ठेवून घेतील, झाडलं तर देवाला आवडेन. मग तुला टायफॉइड झाला, महिनाभर अंथरुणात. रोज पहाटे तुला झाडूचा आवाज ऐकू यायचा आणि तू घाबरायचीस, आपली जागा गेली म्हणून. बरी होऊन तुरुतुरु पळत चर्चमध्ये गेलीस, तर स्वयंपाकाची कोंडाबाई झाडत होती. तू तिच्या हातातला झाडू ओढायला लागलीस. तिनं सोडला नाही. तुला पुढच्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, "आज तू नुसती बस." तू म्हणालीस, "मला लई रडू आलं, सुमे. बसवंना मला. इंगळ्या डसल्यागत झालं. नुसतं बसायला मला पुढं वीस वर्सं लागली."

मी तेव्हा काय म्हटलं आठवतं? "मग अजून उठून कप का विसळतेस?" असं मला म्हणायचं होतं. म्हटलं मात्र, "हा कांदा बघ, सडलाय."

पाळकसाहेब, हे उपासनेत वाचणार असाल तर सगळं वाचा. कपासकट. नाहीतर वाचू नका.

दिवाळीनंतर तुझं दुखणं सगळ्यांना कळलं. तुला आधीच कळलं होतं, ते तू लपवलंस, त्याबद्दलही मला राग आहेच. तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा मी तुला दर दोन दिवसांनी बघायला यायचे, तुझ्या गावातल्या घरी. प्रत्येक वेळी ठरवून यायचे, आज बोलायचं. कपाचं बोलायचं. चुकले म्हणायचं. एक शब्द आहे तो. आणि प्रत्येक वेळी तुझ्या खाटेशी बसून आपण भलतंच बोललो. शेवटच्या वेळी तर आपण भांडलो, आठवतंय? लावायच्या आधी रोपाचे शेंडे छाटावेत की नाही यावर. तू म्हणत होतीस, छाटायचे न्हाईत, छाटलं की रोप बसतं, वाढत न्हाई. मी म्हणत होते, छाटलेलं लवकर मूळ धरतं. तुला दम लागत होता तरी तू माघार घेईनास. मी तणतणत उठले. दारातनं वळून म्हटलं, "तुझं रोप टाकलंय ना? यंदा लागण मी करणार. पाच दिवस. तुला उठून अडवता येणार नाही."

तू डोळे मिटून म्हणालीस, "बगू."

चार दिवसांनी तू गेलीस. त्यानंतर माझ्या तोंडात तो शब्द तसाच राहिलाय, आणि तो सांगायला माणूस नाही. तू नेहमी म्हणायचीस, तुझ्या देवाला न बोललेलंही ऐकू येतं. येत असेल. पण मी तुझ्या देवाच्या गोठ्यात कप ठेवला नव्हता, तुझ्यासाठी ठेवला होता. मला ते तुला सांगायचं होतं.

मातीच्या वेळी प्रत्येकानं खड्ड्यात मूठभर माती टाकली. मी दोन मुठी टाकल्या. तिसरीला वाकले, तेवढ्यात पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि शेजारच्या बाईनं मला मागं ओढलं. मूठ तशीच राहिली, घरी येऊन हात धुतला.

मग मी ठरवलं. तू नाहीस तर नाहीस, वावर तर आहे. काल सकाळी आठला मी माझ्याच रोपाच्या जुड्या काढल्या, सगळ्यांत चांगल्या. शेंडे छाटले नाहीत. एवढं तुझं ऐकलं. टोपलीत भरल्या, गळ्यात पट्टा बांधला आणि कालवा ओलांडून निघाले. एकटीनं पाच दिवस लावायचं, कुणाला बोलवायचं नाही, असं ठरवलं होतं. दसऱ्याच्या आधीपासून मी त्या बाजूला फिरकले नव्हते. वाटेत हिशेब करत होते, पहिल्या दिवशी किती वाफे होतील.

बांधावर पोचले आणि टोपली डोक्यावर तशीच राहिली. वाफे नव्हतेच. सबंध दीड एकरात हरभरा. गुडघ्याएवढा, फुलावर आलेला.

शमुवेलभाऊ मोटरीच्या खोलीबाहेर बसले होते. मला बघून उठले. "या सुमनताई," म्हणाले, जसं काही मी येणार हे त्यांना ठाऊकच होतं.

"भाऊ, कांदा कुठंय?"

"कांदा न्हाई लावला यंदा." त्यांनी टोपली माझ्या डोक्यावरनं उतरवून घेतली. "दसऱ्यालाच म्हणली, हरभरा टाका. म्हटलं, अगं, कांद्याचं वावर हाय. तर म्हणली, कांदा केला की सुमन येतीया लावाया, ऐकायची न्हाई. हरभऱ्यात तिला करण्यासारखं काय बी नसतंया." ते हसायला लागले आणि हसता हसता टॉवेल डोळ्यांना लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, "आनि म्हणली, ती आली की बसवा. च्या करा. लई बोलू नगा, ती भांडती."

मला इतका संताप आला, रूथ. आम्हाला कुणाला तुझं दुखणं कळायच्याही आधी, मरण समोर दिसत असताना, तू बसून हे ठरवलंस. माझ्या पाच दिवसांना तू वाफ्याएवढीही जागा ठेवली नाहीस. आजवर मला कुणी इतकं हरवलेलं नाही.

त्यांनी तीन दगडांवर चहा केला. मला कपबशी दिली, धड, कान असलेली. मी विहिरीच्या धावेवर, जुन्या मोटेच्या उतारावर बसले. कप हातात घेतला आणि मला प्यायला येईना. मग मी त्यांनाच म्हटलं. तुला नाही, तर त्यांना. "भाऊ, आमच्या गोठ्यात एक कप होता."

"म्हाईत हाय."

"तिनं सांगितलं?"

"न्हाई. ती कशाला सांगंल." ते चुलीतली लाकडं मागं ओढत होते. "आमास्नी समदे कप म्हाईत असत्यात, ताई. कुठल्या घरात कुठल्या भिंतीला हायती."

"मी चुकले, भाऊ."

त्यांनी मान हलवली. 'असू द्या' म्हणाले नाहीत, 'काही नाही त्यात' म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. एवढंच म्हणाले, "गार होतूया. प्या."

मी प्यायले. तुझ्या वावरात, काही न करता, हात कोरडे ठेवून. समोर तुझा हरभरा. चहात साखर जास्त होती. तुझी कोंडाबाई मला तेव्हा आठवली, आणि इंगळ्या डसणं म्हणजे काय तेही कळलं. तुझा देव मला पटलाय, असं अजूनही मी लिहिणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, सुमन रूथच्या मागं बदलली. पण समदं बघून बी करतो म्हणजे काय, ते मी काल बसून घेतलं. गोड लागलं असं खोटं सांगत नाही.

चहा संपला. मी कप घेऊन पाटाकडं विसळायला उठले.

"राहू द्या, ताई," शमुवेलभाऊ म्हणाले.

रूथ, मी परत खाली बसले. ते आले, माझ्या हातातला कप घेतला, पाटाच्या पाण्यात दोनदा विसळला. मी हात मांडीखाली दाबून धरले होते, नाहीतर मी तो ओढून घेतला असता.